केरात टाकलेला पेला

आमच्या घरात काचेचे सहा पेले होते. लग्नात आहेर म्हणून आलेले, कडेला निळी फुलं असलेले. त्यातले तीन गेल्या चाळीस वर्षांत कधी ना कधी फुटले, आणि त्यांच्यासाठी मी फार हळहळले असंही नाही. चौथा फुटला तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये, एका पावसाळी सकाळी, माझ्याच हातून. मी तुकडे केरसुणीने गोळा केले, सुपलीत घेतले आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकले. वर चहाचा चोथा आणि मेथीची देठं पडली. नातू तेव्हा नुकताच रांगायला लागला होता, म्हणून ओल्या फडक्याने फरशी दोनदा पुसली, खिडकीपाशी नेऊन फडकं उजेडात धरून पाहिलं, एखादी कणी चमकते का ते. घरातल्या कुणाला लागू नये म्हणून एवढी दक्षता! आणि तीच काच उंबऱ्याबाहेर कुणाच्या हाताला लागेल, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दारावर कचरा न्यायला नेहमीची बाई आली नाही. तिची मुलगी आली. शाळेचा निळा स्कर्ट, वर आईचा ॲप्रन, हातात बादली. ‘‘आईचा हात कापलाय. चार टाके पडलेत,’’ ती म्हणाली, आणि पुढे अगदी सहज, ‘‘तुमच्याच बिल्डिंगमध्ये लागलं.’’ कुठल्या घरातून, ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मुलगी दहावीत होती. आई बरी होईपर्यंत आठ दिवस ती येत राहिली, आणि ते आठही दिवस तिची शाळा बुडाली. नाही म्हणायला तिसऱ्या दिवशी मी कबुली दिली. डॉक्टरांचे पैसे दिले, तिने ते घेतलेही. शाळेच्या आठ दिवसांचं काय द्यायचं, ते मात्र मला सुचलं नाही, आणि तिने मागितलंही नाही.

आता गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की त्या काळात मी आमच्या सोसायटीत पर्यावरणवाली म्हणून प्रसिद्ध होते. आदल्या वर्षी, म्हणजे २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदी जाहीर केली, तेव्हा भिशीच्या बायकांपुढे मी अर्धा तास बोलले होते. पर्समध्ये घडीची कापडी पिशवी असायची. दात घासायला बांबूचा ब्रश आणला होता. भांडी घासायला कुठलंसं ‘नैसर्गिक’ द्रावण होतं, ते प्लास्टिकच्याच बाटलीत येई, पण त्या बाटलीवर हिरवं पान छापलेलं होतं! आणि एवढं सगळं करणाऱ्या बाईने फुटकी काच मेथीच्या देठांखाली झाकून दुसऱ्या बाईच्या हाती दिली.

ती बरी होऊन परत आली त्या दिवशी मी तिला चहाला थांबवलं. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला ते आवडायचं नाही. आत या म्हटलं तरी ती आत आली नाही, जिन्याच्या पायरीवरच बसली. मीही शेजारच्या पायरीवर टेकले. तिची सासू १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलेली. शेत नाही, पाऊस नाही, शहरात आल्यावर हाताला आलं ते कचराकुंडीतलं काम. खांद्याला पोतं, हातात आकडा. कुंडीत वाकून कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगारवाल्याकडे वजनावर घालायचा. दिवसभर वाकून हाती पडणारे पैसे थोडे, वरून चोर समजून हटकणारे लोक फार. १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या मेहनतीने या बायकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली, आणि सासूने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा फोटो असलेलं कार्ड गळ्यात घातलं. पुढे २००८ पासून याच बायकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पालिकेने करार केला. कुंडीऐवजी थेट घराच्या दारातून कचरा घ्यायचा, घरटी महिन्याचे पैसे घ्यायचे, आणि सुक्यातलं विकण्याजोगं विकून ते पैसे आपले ठेवायचे. सून त्यातली.

‘‘काकू, तुमचा सुका कचरा मला पाठ आहे,’’ ती म्हणाली. आपण काय खातो, काय पितो, घरात कोण आजारी आहे, दिवाळीला काय खरेदी झाली, सगळं तिला माहीत! मग तिने मला जे सांगितलं ते मी भिशीत सांगितलेल्यापेक्षा फारच निराळं होतं. मी समजत होते, सुका कचरा वेगळा काढला की संपलं, पुढचं ते ‘रिसायकल’ होतं. ती म्हणाली, विकलं जातं तेच पुढे जातं. पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, पत्र्याचे डबे, दुधाच्या पिशव्या यांना भाव आहे. पावसाळ्यात कागद भिजला की भाव पडतो, कारण पाण्याचं वजन भंगारवाला कशाला मोजून घेईल? आपण दह्याचा डबा न धुता सुक्यात टाकतो, ते दही शेजारच्या कागदाला लागतं, आणि दोन्ही वस्तू वाया जातात. दुधाची पिशवी कापताना आपण कोपरा साफ तोडून टाकतो ना? तो टिकलीएवढा तुकडा कुणीच वेचत नाही. तो गटारात, नाहीतर नदीत जातो. पिशवीला तो लोंबता ठेवला तर पिशवीबरोबर जातो. एवढंच! त्या दिवसापासून आमच्याकडे कोपरा लोंबता ठेवतात. यजमानांना ही सवय लागायला दोन महिने लागले.

चिप्सच्या आणि बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांना मात्र कुणी विचारत नाही. त्यात प्लास्टिकचे थर आणि बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा एकमेकांना चिकटवलेला असतो. ते थर सुटे करणं परवडत नाही. कागदी म्हणून आपण निर्धास्तपणे ज्यातून चहा पितो त्या कपालाही आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, नाहीतर चहा ओठाशी येईपर्यंत कप राहिलाच नसता. प्लास्टिकच्या कपाला नाक मुरडून कागदी कप घेणारी मी तिच्या लेखी काहीच निराळी नव्हते. तिचं पोतं दोन्हींनी सारखंच रिकामं राहतं.

आणखी एक गोष्ट ती खाली बघत बोलली. सॅनिटरी पॅड. घराघरांतून ते उघडे येतात, आणि निवडताना हाताने बाजूला काढावे लागतात. कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, एवढंच मागणं या बायकांनी शहरापुढे ठेवलं. रविवारच्या पानावर हा विषय कशाला, असं कुणाला वाटेलही. पण घरात सुना-लेकी असताना आपण हा विषय काढत नाही, म्हणून तो रोज सकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात पडतो.

त्या रात्री मला आईची फार आठवण आली. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. आरेचं दूध काचेच्या बाटलीतून यायचं, ॲल्युमिनियमच्या पातळ झाकणाचं. रिकामी बाटली धुऊन दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही, आणि झाकणं आम्ही मुलं जपून ठेवायचो. वाण्याकडचं सामान वर्तमानपत्राच्या पुड्यांतून यायचं. पुडी सोडली की आई कागद हाताने सपाट करून फळीवर ठेवी आणि दोरा काढून गुंडाळी. तिचा तो दोऱ्याचा गुंडा संत्र्याएवढा झाला होता. विरलेल्या धोतराची फडकी, लुगड्यांची गोधडी. जरा बऱ्या कपड्यांसाठी दुपारी बोहारीण येई. तीन शर्ट, एक पातळ आणि वर वडिलांची जुनी पँट, तेवढ्यात एक स्टीलचं पातेलं. त्यावरून तासभर चालणारी घासाघीस म्हणजे आम्हाला फुकटचं नाटक! पितळी भांड्यांना कल्हई लावणारा आला की नवसागराचा वास चाळभर पसरायचा.

पण हे आठवताना मी स्वतःला बजावते, की आईला पर्यावरण वगैरे काही ठाऊक नव्हतं. तिच्याजवळ पैसे नव्हते. बाटल्या धुणं, कागद सपाट करणं, गोधडी शिवणं हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर होतं. आज आपण ‘जुनं ते सोनं’ म्हणतो तेव्हा ते सोनं घासणारे हात कुणाचे, हे विसरतो. आताही घरात कचरा वेगळा करायचा ठरला की तो करते कोण? आमच्याकडे मी एक नियम केला. ज्याने पाकीट फोडलं त्याने ते धुऊन वाळत घालायचं. आता स्वयंपाकघराच्या खिडकीत दुधाच्या पिशव्या चिमट्याला लटकलेल्या असतात. पाहुण्यांना ते विचित्र वाटतं. वाटो! राखेने भांडी घासायच्या मी गोष्टी करत नाही, कारण गॅसच्या शेगडीत राख पडत नाही. नारळाची शेंडी मात्र ठेवते, तळाला लागलेल्या कढईला तिच्याइतकं दुसरं काही चालत नाही.

ओल्या कचऱ्याचं खत करायचा उद्योग मी त्याच वर्षी सुरू केला. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने घरच्या काडीकचऱ्यावर गच्चीत भाज्या पिकवण्याचा प्रसार कितीतरी आधी केला होता, तेव्हा मला वाटलं, यात काय अवघड! पहिल्या महिन्यात माठात अळ्या झाल्या आणि वासाने शेजारच्या आजी दार लावून बसायला लागल्या. चूक साधी होती. मी नुसता ओला कचरा घालत होते. ओल्याच्या जोडीला कोरडं लागतं, वाळका पालापाचोळा, नारळाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा. आणि हवा लागते, म्हणून माठाला भोकं हवीत, मधूनमधून वरखाली करायला हवं. आंबट ताक शिंपडलं की काम लवकर होतं. आता दोन माठ आळीपाळीने चालतात. एक भरला की तो दीड-दोन महिने मुरत ठेवायचा. खत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारख्या वासाचं होतं. फारशी भाजी पिकली नाही हे खरं. कढीलिंब मात्र तरारला आहे, आणि बादलीतून रोज जाणारं ओझं निम्म्याहून कमी झालं. ते ओझं कुठे जात होतं, ते फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांना विचारा. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या शिवारात साठला, विहिरींचं पाणी नासलं, आणि गाड्या अडवून ते रस्त्यावर बसले तेव्हा आपल्याला त्यांचा राग आला, कारण आपल्या चौकातले कंटेनर भरून वाहायला लागले.

कापडी पिशव्यांचंही सांगते. एके दिवशी कपाट आवरताना मी त्या मोजल्या. चौतीस! लग्नात मिळालेल्या, हळदीकुंकवाच्या, साडीच्या दुकानाच्या, बँकेच्या. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये या पिशव्यांचा हिशेब मांडला होता. कापूस पिकवण्यापासून शिवण्यापर्यंतचा सगळा खर्च धरला, तर नुसत्या हवामानाच्या हिशेबाने साधी सुती पिशवी निदान ५२ वेळा वापरायला हवी, तेव्हा ती दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. पाण्याचा आणि बाकीचा हिशेब धरला तर आकडा हजारांत जातो. म्हणजे चौतीसपैकी माझ्या दोन पिशव्या कामाला लागल्या होत्या, उरलेल्या बत्तीस नुसत्या कपाटात बसून पर्यावरण वाचवत होत्या. त्यातल्या वीस मी भाजीवाल्याला देऊन टाकल्या. आता हळदीकुंकवाला कुणी पिशवी पुढे केली तर मी ‘नको’ म्हणते, आणि यजमानीणबाईंचा चेहरा पडतो. बांबूचा ब्रश परत आणला नाही. दर पावसाळ्यात त्याला बुरशी यायची.

मुलीचं म्हणाल, तर ती दहावी पास झाली. मार्क अपेक्षेपेक्षा कमी पडले. ते त्या आठ दिवसांमुळे असं तिची आई कधी म्हणाली नाही. मी ही गोष्ट तिच्याजवळ काढली होती एकदा. ती हसली आणि म्हणाली, ‘‘गणित तिला तसंही येत नव्हतं, काकू.’’ ते माझ्या समाधानासाठी होतं की खरंच, ते मी विचारलं नाही.

पाचवा पेला मागच्या महिन्यात फुटला. या वेळी मी तुकडे जाड पुठ्ठ्यात ठेवले, वर वर्तमानपत्राचे चार पदर गुंडाळले आणि त्यावर लाल पेनने मोठ्या अक्षरांत ‘काच’ असं लिहून पुडकं तिच्या हातात वेगळं दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं.

‘‘लिहिलंय चांगलं,’’ ती म्हणाली, ‘‘पण मला कुठं वाचता येतंय? तुम्ही वरून दोरा बांधत जा. दोरा दिसला की मी समजंन.’’

घरात दोरा नव्हता. तांदळाच्या दहा किलोच्या पिशवीची शिवण उसवली की निघतो तो पांढरा दोरा मी आजवर केरात टाकत आले होते. आता तो गुंडाळून ठेवते. लिंबाएवढा गुंडा झाला आहे.