भूकंपाचे आकडे



मी अभियंता नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटापाशी आणि बांधकामावरच्या कामगारांच्या संगतीत. तेव्हा भूकंपाच्या गणितावर मी बोलावे याचे तुम्हांला नवल वाटेल. पण मजुरीच्या तक्रारी ऐकता ऐकता सळया बांधणाऱ्या एका तरुणाने मला विचारले, "दादा, खांबाच्या रिंगेचा आकडा आत वळवा म्हणतात. त्याला वेळ लागतो आणि आम्हांला पैसे मिळतात टनावर. काँक्रीट ओतल्यावर आत काय आहे ते कोणाला दिसते?" त्याला उत्तर देण्यासाठी मला बरेच वाचावे लागले. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

भूकंपात इमारतीला कोण ढकलते? कोणीच नाही. एस.टी. एकाएकी सुटली की उभा उतारू मागे कलंडतो. त्याचे पाय गाडीबरोबर जातात आणि धड जागीच राहू पाहते. इमारतीचेही तसेच आहे. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचा भाग मागे राहू पाहतो आणि भिंतींवर आडवा जोर येतो. जमिनीचा हिसका जितका मोठा आणि घर जितके जड, तितका हा जोर मोठा. भार खाली झेलणारे आपले घर आडव्या जोरापुढे मात्र अनेकदा दुबळे ठरते.

हा जोर मोजण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे इमारतीच्या वजनाचा ठरावीक हिस्सा आडवा लागतो असे मानणे. कोयना धरणाच्या रचनेत वजनाच्या शेकडा ५ इतका जोर, पायापासून माथ्यापर्यंत एकाच प्रमाणात धरला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली. धरणातल्या यंत्रावर प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वाच्या शेकडा ४९ इतका हिसका नोंदला गेला. क्षणभराचा हिसका आणि हिशेबातला गुणांक एकास एक ताडून पाहता येत नाहीत हे खरे. पण तडे कोठे गेले ते पाहा. धरण १०३ मीटर उंच. पायापासून सुमारे ६६ मीटरवर, जेथे मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो, तेथे ते तडकले. हिशेबाने सर्व अंगाला सारखे प्रमाण दिले होते. प्रत्यक्षात माथा पायापेक्षा कितीतरी अधिक झुलला. धरण फुटले नाही, ही त्याच्या बांधणीची पुण्याई. पुढे मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते भक्कम केले गेले.

म्हणून दुसरी रीत आली. प्रत्येक इमारतीला स्वतःचा झोका असतो. बैठे घर झटपट झुलते, उंच इमारत संथ. पाळण्याला लयीत हात दिला की थोड्या जोरातही तो उंच जातो. जमिनीच्या हादऱ्याची लय इमारतीच्या झोक्याशी जुळली की तसेच होते. कोणत्या झोक्याच्या इमारतीला किती जोर लागेल, याचा आलेख तयार करून अभियंते आज हिशेब करतात. महत्त्वाच्या कामांत नोंदलेला अख्खा भूकंप क्षणाक्षणाने कागदावरच्या इमारतीला देऊन पाहतात. कोयनेची नोंद या कामी जगभर वापरली जाते.

पण मुळात हादरा किती मोठा धरावयाचा? त्यासाठी जुन्या भूकंपांच्या नोंदी, जमिनीतले भ्रंश, त्यांचे अंतर आणि गावाखालची माती यांचा विचार होतो. ५० वर्षांत ओलांडला जाण्याची शक्यता शेकडा १० असेल असा हादरा धरणे ही एक प्रचलित रीत. असा हादरा सरासरीने ४७५ वर्षांतून एकदा यावयाचा. सरासरीने, बरे का. ४७४ वर्षे स्वस्थ झोपा, असा त्याचा अर्थ नाही.

आपल्या भूकंपसंहितेची पहिली आवृत्ती १९६२ ची. तिच्या १९८४ च्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. मदतीच्या तुकडीत मीही होतो. ढिगारा उपसताना हाताला लागे ती दगडांमधली नुसती माती. जाड दगडी भिंती, आतला थर बाहेरच्या थराला बांधलेला नाही, आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. हलक्या छपराखालची अनेक माणसे वाचली. २००२ च्या आवृत्तीत पहिला विभाग रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्यात गेली. कोयनेनंतरही १९७० मध्ये नकाशा बदलला होता. दोन्ही वेळा आधी माणसे मेली, मग रेषा हलली. नकाशा आवश्यकच आहे. पण तो आपल्या आजवरच्या माहितीचा नकाशा आहे, अभयपत्र नव्हे.

आता त्या तरुणाचा प्रश्न. तिसऱ्या विभागातली, १०० टन वजनाची, खांब-तुळयांची एखादी लहान इमारत घ्या. २००२ च्या संहितेप्रमाणे तिच्यावर येऊ शकणारा जोर सुमारे २० टन निघतो. मग त्याला ५ ने भागतात आणि इमारत ४ टनांसाठी रचतात! ही लबाडी नव्हे. मोठ्या धक्क्यात खांब वाकतील, तडकतील, पण एकदम तुटणार नाहीत, या विश्वासावर तो भागाकार आहे. हा विश्वास कशावर? जवळजवळ बांधलेल्या रिंगांवर आणि त्यांच्या आत वळवलेल्या आकड्यावर. आकडा ९० अंशांवर ठेवला तर वरचे काँक्रीट उडताच रिंग उघडते आणि खांब फुटतो. तो १३५ अंशांत वळून खांबाच्या पोटात गेला तर रिंग टिकते, खांब उभा राहतो.

म्हणजे कागदावरच्या आकड्याची जबाबदारी शेवटी रिंगेच्या आकड्यावर येऊन पडते आणि तो वळवणाऱ्याला हे कोणी सांगितलेलेच नसते. उलट टनाचा दर त्याला घाई करावयास लावतो. भागाकाराची सवलत सर्वांनी घ्यावी आणि तिची किंमत एकट्या मजुराच्या वेळातून वसूल करावी, हा न्याय नव्हे.

त्या तरुणाला मी हे कागदावर मांडून दाखविले. तो इतकेच म्हणाला, "मग हे आम्हांला आधी का नाही सांगितले?" श्रोतेहो, तुम्ही घरे घेता, सोसायट्या काढता. घर घेताना फरशीचा रंग विचारता, तसे विचारा: इमारत कोणत्या विभागासाठी रचली? रिंगा किती अंतरावर आहेत? काँक्रीट ओतण्यापूर्वी त्या कोणी तपासल्या? आणि बांधणाऱ्याला त्या कामाचा वेळ व दाम मिळाला काय? भूकंप कधी येईल ते सांगता येत नाही. या प्रश्नांची उत्तरे मात्र काँक्रीट ओतण्यापूर्वी मागता येतात, नंतर नाही.