मोटारसायकलस्वाराचे संरक्षक जाकीट : आघात आणि घर्षण

मोटारसायकलस्वार रस्त्यावर पडतो तेव्हा त्याच्या शरीरावर दोन भिन्न संकटे एकामागून एक येतात. पहिले आघाताचे व दुसरे घर्षणाचे. दोहोंची कारणे निराळी, म्हणून त्यांवरील उपायही निराळे. हा भेद ध्यानात न घेता केवळ 'मजबूत' जाकीट शोधणाऱ्याची निवड फसण्याचा संभव फार.

प्रथम आघाताचा विचार करू. सुमारे १ मीटर उंचीवरून पडणाऱ्या शरीराचा जमिनीवर आदळतानाचा उभ्या दिशेतील वेग सेकंदास सुमारे ४.४ मीटर असतो. वाहन ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असो वा ९०, या आकड्यात फरक पडत नाही. हा आघात सोसण्याचे काम खांदे, कोपर व पाठ येथील संरक्षक गाद्यांचे होय. गादी जितकी अधिक दबत शरीरास थांबविते, तितके त्यावरील बल कमी होते. ईएन १६२१ या युरोपीय मानकानुसार ५० जूल ऊर्जेचा आघात केला असता खांदा-कोपराच्या गादीतून पार होणारे सरासरी बल पहिल्या स्तरात ३५, तर दुसऱ्या स्तरात २० किलोन्यूटनांहून अधिक असता कामा नये. पाठीच्या गादीस याच मर्यादा अनुक्रमे १८ व ९ आहेत. पुष्कळ जाकिटांच्या पाठीत मात्र साध्या फोमचा तुकडाच घातलेला असतो. त्यास या मानकाची कसोटी लागलेली नसते.

घर्षणाची गोष्ट वेगळी. येथे वाहनाचा वेगच निर्णायक ठरतो. घर्षणांक ०.६५ धरल्यास ताशी ६० किलोमीटर वेगाने घसरणारा स्वार सुमारे २२ मीटरांवर थांबतो, तर ताशी १२० किलोमीटर वेगाने घसरणारा सुमारे ८७ मीटरांवर. वेग दुप्पट होताच अंतर चौपट होते. या घसरणीत उष्णता निर्माण होते. नायलॉन व पॉलिएस्टर त्या उष्णतेने वितळू शकतात. चामडे व अरामिड तंतू वितळत नाहीत. अर्थात उत्तम कापडही शिवण उसवल्यास निरुपयोगी ठरते.

ईएन १७०९२ या २०२० सालच्या मानकात संपूर्ण वस्त्राच्या श्रेणी ठरविल्या आहेत. खांदा-कोपरासारख्या अधिक धोक्याच्या भागांतील कापडाची घर्षणपरीक्षा एएए श्रेणीत ताशी १२०, एए श्रेणीत ७० व ए श्रेणीत ४५ किलोमीटर वेगाने घेतली जाते. बी श्रेणीत घर्षणाची कसोटी ए श्रेणीचीच, परंतु आघातरोधक गादी आवश्यक नाही. सी श्रेणीचे वस्त्र केवळ गाद्या जागी धरून ठेवण्यासाठी असते. घर्षणापासून रक्षणाची हमी ते देत नाही.

मापाचा प्रश्नही गौण नव्हे. सैल बाहीतील कोपराची गादी पडण्याच्या क्षणी बाजूस सरकली, तर तिचा स्तर कोणता हा प्रश्न निरर्थक होतो. म्हणून हात हँडलावर असल्याप्रमाणे पुढे करून गादीची जागा पाहावी.

उष्ण प्रदेशात आणखी एक अडचण उद्भवते. जाड चामड्याचे जाकीट उन्हात असह्य होऊन घरीच राहते, आणि खुंटीवरचे जाकीट कोणाचेही रक्षण करीत नाही. अशा ठिकाणी शहरातील मंद वाहतुकीसाठी हवा खेळती ठेवणारे, ए श्रेणीचे व दुसऱ्या स्तराच्या गाद्यांचे जाकीट अधिक उपकारक ठरते. महामार्गावरील वेगासाठी मात्र एए वा एएए श्रेणीच विचारात घ्यावी. तात्पर्य, गादी पडण्याच्या उंचीचा विचार करून निवडावी, कापड वाहनाच्या वेगाचा. आणि दोन्ही अशी असावीत की स्वार ती दररोज अंगावर घालील.