आधी नाव, मग भाजी

बसा रे बाळांनो, आज अळंबीची गोष्ट सांगतो. गोष्ट आहे दूरची, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या सिअ‍ॅटल शहराची. एका अंगाला समुद्र, पलीकडे डोंगर आणि त्यावर डग्लस फरची उंचच उंच झाडं. आपल्याकडे पावसाळा लागला की वारुळापाशी अळंबी उगवते. तिकडे उन्हाळा कोरडा जातो आणि पाऊस धरतो तो शरदात. म्हणून तिथल्या अळंब्यांचा मोठा हंगाम ऑक्टोबरच्या सुमाराला येतो.

“आजोबा, अळंबी म्हणजे झाडच ना?”

नाही गं चिमणे. अळंबी म्हणजे बुरशी, आणि बुरशीचं राज्यच वेगळं. तिच्यात हरितद्रव्य नाही, त्यामुळे उन्हावर अन्न शिजवणं तिला जमत नाही. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, तेच जे खेकड्याच्या कवचात असतं. नात्यानं पाहिलं तर बुरशी झाडांपेक्षा आपल्या प्राण्यांना जवळची! आणि जमिनीवर दिसते ती छत्री म्हणजे नुसता आंबा; आंब्याचं झाड मातीत लपलेलं असतं, पांढऱ्या बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपात. ओरेगॉन राज्यातल्या माल्हूर जंगलात एकाच बुरशीचं जाळं जवळजवळ साडेनऊ चौरस किलोमीटर पसरलंय. तिचं वय दोन हजार वर्षांहून जास्त असावं, असा अंदाज आहे.

ही जाळी झाडांच्या मुळांशी सौदा करतात. बुरशी पाणी आणि क्षार पुरवते, झाड तिला साखर देतं. सिअ‍ॅटलच्या लोकांची लाडकी शँटरेल अशीच, पिवळीधमक, जर्दाळूसारखा वास येणारी. जिवंत झाडाशिवाय ती वाढत नाही, म्हणून धिंगरीसारखी पेंढ्यावर पिकवता येत नाही. ती हवी तर जंगलातच जायला हवं.

आणि जंगलात जाणाऱ्याला ओळख हवी. विदर्भात खायच्या सात्या कुठल्या आणि कुत्र्याच्या छत्र्या कुठल्या, हे गावातल्या जाणत्या बाया सांगतात. पण सिअ‍ॅटलला माणसं दूरदूरहून येऊन वसलेली. त्यांना सांगणार कोण?

तर १९६४ साली तिथल्या हौशी लोकांनी एक मंडळ काढलं, प्युजेट साउंड मायकॉलॉजिकल सोसायटी. वॉशिंग्टन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॅनियल स्टंट्झ हे त्यांचे गुरुजी. सभासद व्हायला पदवी लागत नाही, कुतूहल लागतं. शरद ऋतूत मंडळ रानातल्या अळंब्यांचं मोठं प्रदर्शन भरवतं. टेबलांवर मांडलेल्या अळंब्या, प्रत्येकीपाशी नावाची चिठ्ठी, खाण्याजोगी की विषारी तेही सांगितलेलं. कुणी आपल्या अंगणात उगवलेली अळंबी घेऊन येतं, आणि जाणकार ती हातात घेऊन, उलटून, हुंगून नाव सांगतात.

मंडळाच्या सहलीही निघतात. सगळे जंगलात पांगतात, परतल्यावर आपापल्या टोपल्यांतलं टेबलावर मांडतात, आणि मग शिकवणी सुरू होते. अळंबी वरून खुडायची नाही, बुंध्यासकट हलकेच उकरून काढायची. कोणत्या झाडाखाली मिळाली ते ध्यानात ठेवायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची नाही, त्यात ती घामेजून सडते. टोपली किंवा कागदी पिशवी घ्यायची.

“बुंधा कशाला? तो तर मातीनं भरलेला!”

अरे, खरी खूण तिथंच असते. डेथ कॅप नावाची एक अळंबी आहे, फिकट हिरवट टोपीची, दिसायला अगदी सोज्वळ. तिच्या बुंध्याशी मातीत पांढरी पिशवी असते. वरून खुडलीस तर पिशवी मातीतच राहिली, आणि घरात विष आलं. ती मूळची युरोपची. परदेशी झाडांच्या मुळांबरोबर अमेरिकेत पोहोचली आणि सिअ‍ॅटलमध्ये रस्त्याकडेच्या झाडांखालीही उगवू लागली.

तिचं विष मोठं कपटी. शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही. चवीलाही वाईट लागत नाही म्हणे! खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब. ते थांबतात आणि माणसाला वाटतं, सुटलो. पण आत विषानं यकृताच्या पेशींचं प्रथिनं बनवण्याचं कामच बंद पाडलेलं असतं, आणि दोन-चार दिवसांत यकृत निकामी होतं.

अमेरिकेत या विषाचे काही बळी कोण होते, ठाऊक आहे? आशियातून गेलेली, अळंबी चांगली ओळखणारी माणसं! त्यांच्या गावी भाताच्या पेंढ्यावर एक अळंबी वाढते, तिच्याही बुंध्याशी पिशवी असते. कोवळी डेथ कॅप तिच्यासारखीच दिसते. त्यांची नजर पक्की होती, पण दुसऱ्या मातीत तयार झालेली. सिअ‍ॅटलजवळ रेडमंड, बेल्व्ह्यूत आपली मराठी कुटुंबंही राहतात. त्यांनाही हे लागू आहे.

“मग दोघी ओळखायच्या कशा?”

एक प्रयोग सांगतो. टोपी देठापासून कापून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची. सकाळी कागदावर बीजाणूंची नक्षी उमटते. पेंढ्यावरच्या अळंबीची नक्षी गुलाबीसर, डेथ कॅपची पांढरी. पण एवढ्यावर विसंबायचं नाही हं, गुलाबी बीजाणूंच्याही विषारी अळंब्या आहेत. टोपी, पाती, देठ, बुंधा, वास, झाड, बीजाणू, साऱ्यांची साक्ष जुळली तरच नाव पक्कं. चांदीचा चमचा काळा पडला की विष, किड्यांनी खाल्ली की निर्धोक, असल्या गोष्टींवर तर मुळीच विश्वास ठेवू नका.

मंडळातल्या जाणकारांच्या तोंडूनही ‘मला ठाऊक नाही’ हे उत्तर येतं, आणि मग ती अळंबी कुणाच्या पोटात जात नाही. मला त्यांच्या विद्येतलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

तेव्हा पोरांनो, रानात अळंबी दिसली तर खुशाल वाकून बघा, चित्र काढा, नक्षी उमटवा. प्रयोगानंतर हात धुवा. तोंडात मात्र काही घालू नका. आणि कुणी चुकून खाल्लीच, तर त्रास सुरू व्हायची वाट बघू नका. उरलेली अळंबी बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.