पहिलीचे पहिले सत्र : वही कोरी का असते?

जुलै उजाडला की पहिलीच्या वर्गाबाहेर एक तक्रार हमखास ऐकू येते : "बाई, वही अजून कोरीच आहे!" शेजारच्या मुलाने चार पाने ‘अ’ गिरवलेला असतो आणि आपले पोर मात्र घरी येऊन गाणी म्हणते, हातवारे करते, चिंचोके गोळा करत बसते. काळजी वाटणे साहजिक आहे. पण पहिलीच्या पहिल्या सत्रात, म्हणजे जूनच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, जे शिकायचे असते त्यातले बरेचसे वहीत उतरणारे नसतेच. महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत या चार महिन्यांत मूल काय काय शिकते, ते इथे सांगतो.

वर्गात कोण येते

पहिलीच्या प्रवेशासाठी वयाचा हिशेब ३१ डिसेंबरला धरतात. त्या तारखेला सहा वर्षे पूर्ण हवीत. त्यामुळे जूनमध्ये एकाच सतरंजीवर साडेपाच वर्षांचे मूल असते आणि साडेसहाचेही. मोठ्या माणसांत एका वर्षाने काही बिघडत नाही, या वयात मात्र ते फार मोठे अंतर असते. शिवाय कुणी अंगणवाडीतून आलेले, कुणी खासगी बालवाडीतून, तर कुणी थेट घरातून. म्हणून ‘वर्गात त्याला येते, हिला येत नाही’ ही तुलना पहिले काही महिने तरी कुणी करू नये.

राज्यात २०२५-२६ या वर्षापासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानला आहे : शाळेआधीची तीन वर्षे आणि मग पहिली-दुसरी. कागदावर पाहिले तर पहिली म्हणजे या स्तराचे चौथे वर्ष. प्रत्यक्षात ज्यांची आधीची तीन वर्षे झालेली नसतात, त्यांची भरपाई पहिल्या सत्रातच करावी लागते.

पहिले बारा आठवडे

या भरपाईसाठी ‘विद्याप्रवेश’ नावाचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तो सुचवला गेला आणि २०२१ मध्ये सुरू झाला. पाठ्यपुस्तक जूनमध्येच हातात पडते, पण खरा भर असतो खेळ, गोष्टी, गाणी आणि चित्रे यांवर. आपल्याकडे ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावेही होतात. मैदानात टेबले मांडतात आणि मूल एकेका टेबलावरून पुढे जाते : इथे चेंडू झेलायचा, तिथे वस्तूंची जोडी लावायची, पलीकडे चित्र बघून बोलायचे. आई-वडील शेजारी उभे राहून पाहतात. यात पास-नापास नसते. मुलाला घरी कशाचा सराव द्यावा, हे पालकांना समजावे एवढाच हेतू असतो.

आधी कान, मग तोंड

पहिल्या सत्रातला सर्वांत मोठा विषय वेळापत्रकात कुठेच छापलेला नसतो. तो म्हणजे ऐकणे आणि बोलणे. गोष्ट शेवटपर्यंत ऐकणे, मध्येच थांबवून "आता पुढे काय होईल?" असे विचारले तर सांगणे, आपला अनुभव दोन-तीन वाक्यांत मांडणे, दुसरा बोलत असताना थांबणे. त्याच्या जोडीला आवाजांचे खेळ येतात. ‘कमळ’मध्ये पहिला आवाज कोणता? ‘क’ने सुरू होणारी आणखी नावे कोणती? ‘पाटी’ आणि ‘माती’ यांत काय सारखे वाटते? शब्द तोडून आवाज ऐकता येऊ लागले की अक्षर ओळखणे सोपे जाते. ज्याला ‘कमळ’ हे तीन आवाजांचे आहे हे ऐकूच येत नाही, त्याला तीन अक्षरे दाखवून फारसा उपयोग नाही.

इथे एक गोष्ट शहरी पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी. खानदेशातल्या घरांत अहिराणी, तांड्यावर गोरमाटी. शहरातल्या पालिकेच्या शाळेत स्थलांतरित कुटुंबांतली मुले असतात, त्यांच्या घरी मराठी नसतेच. या मुलांसाठी पुस्तकातली मराठी ही पहिल्या सत्रातली नवी भाषा असते. चांगली शिक्षिका ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असे विचारून दोन्ही शब्द फळ्यावर घेते. ‘असे बोलू नकोस, नीट बोल’ म्हणणारी शिक्षिका मात्र त्या मुलाचे तोंड वर्षभरासाठी बंद करून टाकते.

अक्षरे : ‘क, ख, ग’च्या ओळीने नाहीत

आपल्या पिढीने मुळाक्षरे तक्त्याच्या क्रमाने पाठ केली. आता अक्षरे गटागटाने शिकवतात, कारण ‘ङ’पर्यंत पोचूनही मुलाला एक धड शब्द वाचता येत नाही. उलट म, क, र, न ही चार अक्षरे आणि काना एवढेच घेतले, तर बघा : काका, मामा, नाना, नाक, कान, मान, रान, काम, मका, कमान. पाचच चिन्हे, आणि दहा शब्द. ‘नाक’ उलटे केले की ‘कान’ होतो, हे पहिल्यांदा कळलेल्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. शब्दांतून लगेच वाक्य जमते : ‘मामा, मका आणा’ लिहायला फक्त ‘आ’ आणि ‘ण’ वाढवायचे.

दिवाळीपर्यंत असे काही अक्षरगट, काना आणि काही स्वरचिन्हे एवढा पल्ला गाठला जातो. वर्गागणिक तो कमी-जास्त असतो. ऱ्हस्व वेलांटी बहुतेकांना अडते, आणि त्यात मुलाचा दोष नाही. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’चा आवाज येतो, पण लिहिताना वेलांटी अक्षराच्या डावीकडे जाऊन बसते. जोडाक्षरे तर अजून खूप दूर असतात. ऑगस्टमध्येच मुलाकडून ‘स्वातंत्र्य’ लिहून घेण्याचा हट्ट धरणाऱ्या आजोबांनी थोडे सबुरीने घ्यावे.

पेन्सिलीआधी बोटे

लिहिण्याचा क्रम वाचण्याच्या क्रमापेक्षा वेगळा असतो. वाचताना शब्द कशाने तयार होतील हे पाहतात, लिहिताना हाताला कोणते वळण सोपे जाईल हे पाहतात. म्हणून ग, म, न एका कुळातले. व जमला की त्याच्या पोटात तिरपी रेघ मारून ब, आणि उजवीकडे वळण काढून क. ट नंतर ठ आणि ढ. त्याहीआधी उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, अर्धगोल. आणि त्याच्याही आधी मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे, मातीचे गोळे वळणे. घरी शेंगा सोलणे आणि कणीक मळणे ही दोन्ही याच अभ्यासातली कामे आहेत.

सहा वर्षांच्या मुलाची बोटे अजून तयार होत असतात. पेन्सील मुठीत घट्ट धरून चार पाने गिरवलेल्या मुलाला अक्षर येते असे नाही. त्याला लिहिण्याचा कंटाळा मात्र नक्की येतो. माझ्या मते पहिल्या सत्रात भरलेल्या वहीपेक्षा कोरी वही कमी धोक्याची.

एक ते वीस

गणिताची सुरुवात अंकांनी होत नाही. लहान-मोठे, मागे-पुढे, आत-बाहेर, कमी-जास्त, आधी-नंतर हे शब्द वस्तू हाताळून पक्के केले जातात. मग एक ते नऊ. आता बरीच मुले घरून ‘शंभरपर्यंत येतात’ असे प्रमाणपत्र घेऊनच येतात. त्यातल्या एखाद्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवून "सात दे" म्हणा. तो एकच चिंचोका दोनदा मोजेल, एखादा सोडेल किंवा सातावर न थांबता पुढे जाईल. अंक म्हणणे हे पाठांतर झाले. प्रत्येक वस्तूला एकच अंक द्यायचा आणि शेवटी म्हटलेला अंक म्हणजे ‘एकूण किती’, हे उमगणे म्हणजे मोजणे. पहिल्या सत्रात ते दुसरे शिकायचे असते.

नऊनंतर शून्य येते, आणि ते गोष्टीतून येते : ताटलीत तीन लाडू होते, एकेक करून संपले, आता किती? पाठोपाठ नऊपर्यंतच्या बेरजा-वजाबाक्या, त्याही आधी वस्तूंनी, मग चित्रांनी आणि शेवटी चिन्हांनी. मग दहा. दहा काड्यांना रबर लावला की एक गठ्ठा. गठ्ठा एक आणि सुट्या चार म्हणजे चौदा. १४ मधला १ हा ‘एक’ नसून ‘एक गठ्ठा’ आहे, ही या सत्रातली सर्वांत अवघड कल्पना. मोठ्यांना ती इतकी अंगवळणी पडलेली असते की मुलाला काय अडते हेच त्यांना कळत नाही. शिवाय ‘चौदा’ ऐकताना चाराचा भास आधी होतो, लिहिताना मात्र आधी एक काढायचा असतो. म्हणून मुले ४१ लिहितात. ती चूक निष्काळजीपणाची नसते.

हीच अडचण पुढे दुसरीत वाढते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले, तेव्हा विधानसभेपासून व्हॉट्सॲपपर्यंत टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे कारणे सांगत राहिल्या. पद्धत पटो न पटो, पण टिंगल करणाऱ्यांपैकी फारच थोडे कधी सहा-सात वर्षांच्या मुलाशेजारी काड्या मांडून बसले असतील.

इंग्रजी

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना सुरू झाला. पहिल्या सत्रात ते मुख्यतः तोंडीच असते : गाणी, अभिवादन, ‘उभे राहा, बसा’ अशा सूचना ऐकून कृती, रंगांची आणि प्राण्यांची नावे. हिंदी तिसरी भाषा म्हणून पहिलीपासून आणण्याचे शासननिर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेण्यात आले. परिसर अभ्यास हा वेगळा विषय तिसरीत येतो.

ताट, रांग आणि परिपाठ

सकाळच्या परिपाठात राष्ट्रगीताला स्थिर उभे राहणे आणि २०२३ पासून राज्यगीताचा दर्जा मिळालेले ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ मोठ्या मुलांच्या पाठोपाठ म्हणणे, हे पहिलीतल्या मुलासाठी सोपे काम नाही. मधल्या सुट्टीत शालेय पोषण आहार असतो. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी त्यात दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने धरलेली आहेत. साबणाने हात धुणे, रांगेत थांबणे, हवे तेवढेच वाढून घेणे, कुणाच्याही शेजारी बसून जेवणे हा सगळा अभ्यासच आहे, आणि शेवटचा धडा तर आपल्या समाजात पुस्तकातून कधीच कुणी शिकलेले नाही.

परीक्षा असते का?

असते, पण पूर्वीसारखी नाही. २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. त्यानुसार पहिली-दुसरीला ७० टक्के भार रोजच्या निरीक्षणावर म्हणजे आकारिक मूल्यमापनावर आणि ३० टक्के सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनावर ठेवला गेला. संकलितमध्येही तोंडी आणि प्रात्यक्षिक असते. ‘निपुण भारत’ अभियानाने वर्षाअखेरीचे लक्ष्य ठरवून दिले आहे : पहिली संपताना मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची अनोळखी वाक्ये वाचावीत आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात. हे मे महिन्याचे लक्ष्य आहे, ऑक्टोबरचे नाही.

दिवाळीनंतर न दिसणारी मुले

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या कित्येक मुलांना पहिले सत्र हेच पूर्ण सत्र मिळते. पावसाळा सरला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुले सोबत गेली की शाळा सुटते. ती गावातच आजी-आजोबांकडे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण सहा वर्षांच्या लेकराला मागे ठेवून जायला आईचा पाय निघत नाही. अशा गावांतल्या शिक्षकांना जून ते ऑक्टोबर हा काळ फार जपून वापरावा लागतो. अक्षरगट वेळेत झाले नाहीत, तर मूल जूनमध्ये दुसरीत बसते ते पहिलीही न झालेले.

घरी काय करावे

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. शिकवणी तर नकोच. रोज एक गोष्ट वाचून दाखवावी. पुस्तक नसेल तर सांगावी. वाचता न येणारी आईही हे करू शकते. भाजी निवडताना वांगी मोजायला द्यावीत, दुकानाच्या पाटीवर ओळखीचे अक्षर शोधायला सांगावे. शाळेतून आल्यावर "आज काय लिहिले?" याऐवजी "आज कोणती गोष्ट ऐकली?" असे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत थांबावे.

दिवाळीआधी पालकसभा होईल. त्या सभेला वडिलांनीही जावे. वहीची पाने मोजत बसू नये. वर्गशिक्षिकेला तीन गोष्टी विचाराव्यात : मूल वर्गात आपणहून बोलते का, अनोळखी शब्द जोडून वाचायचा प्रयत्न करते का, आणि ढिगातून सात वस्तू नेमक्या काढून देते का. यातले एखादे ‘नाही’ आले, तर दुसऱ्या सत्रात तेवढ्यावरच मेहनत घ्यावी.