नव्या टॅबच्या स्क्रीनवर ठिपका किंवा रेघ दिसतेय? बदलून घ्यायचा की तसाच वापरायचा, मुदत संपण्याआधी असं ठरवा

मुलीच्या बारावीच्या अभ्यासासाठी घरात अठरा-वीस हजारांचा टॅब येतो. पहिले दोन दिवस सगळं छान चालतं. तिसऱ्या दिवशी रात्री व्हिडिओ लावला की काळ्या पडद्यावर एक बारीक हिरवा ठिपका चमकताना दिसतो. मग घरात दोन मतं पडतात. एक जण म्हणतो, "एवढ्याशा ठिपक्यासाठी तालुक्याला हेलपाटे कोण घालणार?" दुसरा म्हणतो, "पैसे पूर्ण मोजलेत, मग माल अर्धवट का घ्यायचा?"

दोघांचंही म्हणणं बरोबर असू शकतं. ठिपका लहान की मोठा, यावर हा निर्णय ठरत नाही. दोष वाढणारा आहे का आणि बदलून मिळण्याची मुदत किती दिवस उरली आहे, या दोन गोष्टींवर तो ठरतो. "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत दिवस घालवले तर मात्र ठरवण्यासारखं काही हातात उरत नाही.

बदली वेगळी, दुरुस्ती वेगळी

बऱ्याच जणांना वाटतं, वर्षभराची वॉरंटी आहे म्हणजे वर्षभरात कधीही टॅब बदलून मिळेल. तसं नसतं. वॉरंटीत कंपनी साधारणपणे दुरुस्ती करून देते, म्हणजे तोच टॅब उघडून त्याला दुसरी स्क्रीन बसवते. अख्खा टॅब बदलून नवा मिळण्याची मुदत फार थोडी असते. ऑनलाइन खरेदीत ती अनेकदा सात दिवसांची असते, काही वस्तूंना त्याहून जास्त. ऑर्डरच्या पानावर 'रिप्लेसमेंट' शब्दापुढे ती तारीख दिलेली असते. दुकानातून घेतला असेल तर बिलाच्या मागची बारीक अक्षरं वाचा किंवा दुकानदाराला तारीख विचारून ती बिलावरच लिहून घ्या.

नव्या वस्तूचे स्क्रू पहिल्याच महिन्यात उघडले जावेत, असं कुणालाच वाटत नाही. शिवाय सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी असेल तर टॅब तिथं किती दिवस अडकेल, याचा भरवसा नसतो. म्हणून पहिला आठवडा महत्त्वाचा.

आधी खात्री करा: दोष स्क्रीनचाच आहे ना?

सर्वात सोपी चाचणी स्क्रीनशॉटची. रेघ किंवा डाग दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि तो घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा. तिथंही रेघ दिसली तर दोष अ‍ॅपचा किंवा सॉफ्टवेअरचा आहे. अपडेट किंवा रीसेट केल्यावर तो जाऊ शकतो. दुसऱ्या फोनवर रेघ दिसली नाही तर दोष टॅबच्या स्क्रीनमध्येच आहे.

म्हणूनच तक्रार करताना स्क्रीनशॉटचा उपयोग नसतो, त्यात दोष उमटतच नाही. दुसऱ्या फोनने टॅबचा फोटो आणि छोटा व्हिडिओ काढावा लागतो.

स्क्रीनगार्ड दुकानातच चिकटवून दिला असेल तर त्याखालचा बुडबुडा किंवा धुळीचा कणही डागासारखा दिसतो. शक्य असेल तर तपासणी होईपर्यंत गार्ड लावूच नका.

टच नीट चालत नसेल, बोट न लावताच काहीतरी उघडत असेल, तर आधी चार्जर काढून बघा. घरातल्या वायरिंगला नीट अर्थिंग नसेल किंवा चार्जर हलक्या दर्जाचा असेल तर चार्जिंग सुरू असतानाच टच वेडंवाकडं वागतं. चार्जर काढल्यावर सगळं सुरळीत झालं तर खोट बहुधा टॅबमध्ये नाही. चार्जर नसतानाही तसंच होत असेल तर चित्र काढायचं एखादं अ‍ॅप उघडा आणि बोटाने सगळ्या स्क्रीनवर जवळजवळ रेघा ओढा. जिथं रेघ तुटते, तिथं टच मेलेला आहे.

रंगाचे दोष शोधायला पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच फोटो एकामागून एक पूर्ण स्क्रीनवर लावून बघा. काळा ठिपका पांढऱ्यावर दिसतो, चमकणारा ठिपका काळ्यावर. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते टॅब घरी आल्याच दिवशी करा.

कोणता दोष चालवून घ्यावा, कोणता नाही

स्क्रीन हजारो बारीक ठिपक्यांची नसते, लाखोंची असते. १९२० बाय १२०० अशी स्क्रीन असलेल्या टॅबमध्ये २३ लाखांहून जास्त ठिपके असतात. त्यातला एखादा बंद पडलेला निघू शकतो. बहुतेक कंपन्या एक-दोन ठिपक्यांना दोष मानत नाहीत, अमुक संख्येच्या वर असतील तरच दखल घेतात. एकच ठिपका, तोही कडेला, रोज वाचताना लक्षातही येत नसेल, तर तो चालवून घेणं शहाणपणाचं ठरू शकतं. असा ठिपका सहसा पसरत नाही. रंगीत अडकलेला ठिपका कधीकधी आपोआप सुटतोही, पण त्याची खात्री नसते. तोच ठिपका स्क्रीनच्या मधोमध, अक्षरांवर येत असेल, तर मुदतीत बदली मागा. मुदतीत मागायला काहीच हरकत नसते.

अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस पूर्ण वाढवून काळा फोटो लावला की कडेने थोडा उजेड झिरपताना दिसतो. कमी किमतीच्या बहुतेक टॅबमध्ये एलसीडी स्क्रीन असते आणि तिच्यामागे सतत दिवा जळत असतो, म्हणून हे होतं. थोडा उजेड असणं नेहमीचं आहे. दिवसा पीडीएफ वाचतानाही एक कोपरा ढगाळ किंवा पिवळट दिसत असेल तर ते नेहमीचं नाही.

रेघ मात्र चालवून घेऊ नये. उभी किंवा आडवी, कितीही बारीक असो. स्क्रीनचा आतल्या सर्किटशी असलेला जोड सैल किंवा खराब असला की रेघ उमटते. आज एक आहे, तर उद्या तीन होण्याची शक्यता मोठी. मधूनच दिसणारी आणि पुन्हा नाहीशी होणारी रेघही याच वर्गातली. "आता दिसत नाही, म्हणजे बरी झाली" असं समजून मुदत घालवू नका. दिसेल तेव्हा लगेच व्हिडिओ काढून ठेवा. मेलेला टच, लुकलुकणारी स्क्रीन, पसरत जाणारा डाग, यांनाही हाच नियम.

काचेला तडा असेल तर प्रकरण वेगळं. तडा म्हणजे वापरणाऱ्याने केलेलं नुकसान, असं कंपनी धरते आणि वॉरंटी नाकारते. खोक्यातूनच तडकलेला निघाला असेल तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ इथंच कामाला येतो.

बदलून येणारा टॅब चांगलाच असेल का?

तशी हमी नसते. दुसऱ्या टॅबमध्येही एखादा ठिपका निघू शकतो. म्हणून कडेच्या एका ठिपक्यासाठी बदली मागताना हिशोब करा: जाण्यायेण्याचा खर्च, बुडणारी मजुरी आणि टॅब नसताना बुडणारा अभ्यास. रेघ किंवा मेलेला टच असेल तर हा हिशोब करायची गरज नाही. तसा टॅब ठेवण्यातच जास्त नुकसान आहे.

दुकानदार कधी कधी म्हणतो, "पाचशे रुपये कमी करतो, हाच ठेवा." न वाढणाऱ्या ठिपक्यासाठी हा सौदा वाईट नाही. रेघेसाठी तो करू नये. वॉरंटी संपल्यावर नवी स्क्रीन बसवायचा खर्च त्या पाचशेच्या कितीतरी पट असतो.

बदलायचं ठरलं तर

खोकं, चार्जर, केबल, पिन, सगळं जपून ठेवा. परत नेणारा माणूस खोक्यावरचा आणि टॅबमधला नंबर जुळवून बघतो. टॅबमधले फोटो-फाइली दुसरीकडे घ्या, गूगल खातं काढून टाका आणि मगच रीसेट करा. खातं न काढता रीसेट केलं तर टॅब आधीचंच खातं मागत अडून बसतो आणि परत घ्यायला नकार मिळतो. गावातल्या मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडे टॅब उघडायला देऊ नका. एकदा उघडला की कंपनी हात वर करते.

दुकानदार बऱ्याचदा "आधी सर्व्हिस सेंटरचा कागद आणा" म्हणतो. अनेक कंपन्यांची तशी पद्धत आहेच. तिथं गेल्यावर तारखेसह जॉबशीट घ्या, तिच्यावर दोष स्पष्ट लिहून घ्या. त्याआधी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसह कळवून ठेवा. मुदतीच्या आत तक्रार केली होती, याचा तो पुरावा ठरतो.

हप्त्यावर घेतला असेल तर टॅब खराब निघाला म्हणून हप्ता थांबवू नका. कर्जाची नोंद खराब होते. बदलून आलेल्या टॅबचा नवा नंबर बिलावर आणि फायनान्स कंपनीकडे बदलून घ्या. टॅब एखाद्या योजनेतून मिळाला असेल तर ज्या कार्यालयातून तो मिळाला, तिथंच लेखी कळवून पोच घ्यावी.

"विकलेला माल परत घेणार नाही" म्हणाले तर?

ही ओळ बिलावर छापली म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलावर दिलेल्या मुदतीत सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदतच लिहिलेली नसेल तर ती ३० दिवस धरली जाते. बिल न देणं हाही याच कायद्यात गैरप्रकार आहे. त्यामुळे दोनशे-चारशे रुपये वाचवायला कच्च्या पावतीवर टॅब घेऊ नका.

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. १९१५ हा टोल-फ्री नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे. ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि पुष्कळ प्रकरणं तिथंच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइनही भरता येते.

मात्र कायद्याचा आधार खऱ्या दोषाला आहे. रंग आवडला नाही, स्क्रीन लहान वाटली, हे दोष नव्हेत.

थोडक्यात, टॅब आला त्याच दिवशी तपासा आणि बदलीची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. कडेचा एकटा ठिपका असेल तर घरात बसून ठरवा. रेघ, लुकलुक किंवा मेलेला टच असेल तर त्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी तक्रार नोंदवा.