राजापूरचा खासदार

१५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला कोकण रेल्वेची पायाभरणी झाली. पिढ्यान् पिढ्या अर्जविनंत्यांत अडकलेली गोष्ट अखेर जमिनीवर आली होती आणि त्यामागे मोठा वाटा होता तो तेव्हाचे देशाचे अर्थमंत्री, राजापूरचे खासदार मधू दंडवते यांचा. पुढे वर्षही उलटलं नाही. १९९१च्या निवडणुकीत याच राजापूरने, सलग पाच वेळा निवडून दिलेल्या दंडवत्यांना घरी बसवलं. रेल्वे रत्नागिरीला पोहोचली तेव्हा ते खासदार नव्हते. लोकप्रतिनिधीच्या कामाचा हिशेब कधी आणि कशाने मांडायचा, या प्रश्नाकडे त्यांची खासदारकीची वीस वर्षं आपल्याला नेतात.

दंडवते मूळचे कोकणातले नव्हेत. जन्म अहमदनगरचा, २१ जानेवारी १९२४चा. व्यवसायाने ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. बेचाळीसच्या चळवळीत ते होते, १९५५च्या गोवा सत्याग्रहात तुकडीचं नेतृत्व करून त्यांनी पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला होता, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही उतरले होते. राजापूरशी त्यांची गाठ पडली ती बॅरिस्टर नाथ पै यांच्यामुळे. वेंगुर्ल्याचे नाथ पै १९५७पासून तीनदा तिथून निवडून आले होते. १९७१च्या जानेवारीत, निवडणूक तोंडावर असताना, त्यांचं अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निधन झालं. त्यांच्या जागी प्रजा समाजवादी पक्षाने दंडवत्यांना उभं केलं. इंदिरा लाटेत या पक्षाच्या पदरात देशभरात मिळून दोनच जागा पडल्या. त्यातली एक राजापूरची.

तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झालेला नव्हता. बाणकोटपासून रेड्डीपर्यंत सगळा रत्नागिरी जिल्हाच. कर्ता पुरुष गिरणगावात, बायकामुलं गावी, आणि दर महिन्याला पोस्टमनची वाट. मनीऑर्डरवर चालणारं कोकण ही शब्दांची कसरत नव्हती, घराघरांतला जमाखर्च होता. मुंबईला जायचं तर भाऊच्या धक्क्याची बोट किंवा घाटांतून वळणं घेत जाणारी एसटी. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे निम्मी वाट बंद. त्यामुळे प्रत्येक निवडणुकीत रेल्वेचा विषय निघे. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसाने तर या एका मागणीला आयुष्य वाहिलं होतं. नाथ पैंनी तिला संसदेत आवाज दिला आणि दंडवत्यांना ती त्या मतदारसंघाबरोबरच मिळाली.

दिल्लीचं उत्तर मात्र ठरलेलं असे. जांभ्याचे डोंगर फोडायचे, खाड्यांवर पूल बांधायचे, खर्च अफाट आणि उत्पन्न बेताचं. आकड्यांच्या भाषेत हे उत्तर चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच नुसत्या भाषणांनी ते खोडता येत नव्हतं.

आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. १९७७ साली जनता सरकार आलं आणि तुरुंगातून सुटलेले दंडवते रेल्वेमंत्री झाले. कोकणात अपेक्षांना उधाण आलं असणार हे सांगायला नको: आपलाच खासदार, त्याच्याच हाती रेल्वे! पण त्यांनी केलेलं पहिलं मोठं काम कोकणापुरतं नव्हतं. १९७४च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत घेतलं. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला लाकडी फळीवर रात्र काढावी लागे. त्या फळीवर दोन इंच फोमची गादी घालण्याचा निर्णय त्यांनी घेतला. डिसेंबर १९७७मध्ये हावडा–मुंबई गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, ती पहिल्या वर्गाचा डबाच नसलेली. त्या गादीवर आजही देश झोपतो. ती कोणी घातली हे फारसं कुणाला आठवत नाही.

कोकणची गाडी मात्र त्यांच्या मंत्रिपदाच्या अडीच वर्षांत रत्नागिरीकडे सरकली नाही. आपट्यापर्यंत आलेला मार्ग रोह्याला टेकायलाच १९८६ उजाडलं. तरीही १९८० साली, आणि इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या १९८४च्या लाटेतही, राजापूरने दंडवत्यांनाच निवडलं. जनता पक्षाला त्या वेळी देशात जेमतेम दहा जागा मिळाल्या होत्या. रेल्वे मिळाली नाही म्हणून रागावण्याआधी लोकांनी माणूस पाहिला होता.

१९८९मध्ये व्ही. पी. सिंग यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री झाले आणि रेल्वे खातं त्यांच्या जुन्या समाजवादी साथीकडे, जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आलं. खरी कोंडी तेव्हा फुटली. रेल्वेच्या अंदाजपत्रकात तुकड्या-तुकड्यांनी रक्कम मिळण्याची वाट पाहण्याऐवजी स्वतंत्र महामंडळ काढायचं, चार राज्यांना भागीदार करायचं आणि उरलेला पैसा रोख्यांतून बाजारात उभा करायचा, असा मार्ग निघाला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी सहा. ई. श्रीधरन पहिले अध्यक्ष झाले. पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे: करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल, आणि २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण मार्गावर वाहतूक. त्याच वर्षी एक मे रोजी पंतप्रधान वाजपेयींनी रत्नागिरीत हा मार्ग राष्ट्राला अर्पण केला.

या वाटेचे तोटेही कोकणानेच सोसले. कर्ज बाजारातून घेतलं, त्याचा भार भाड्यावर आला. लांब पल्ल्याच्या गाड्या धडधडत निघून जातात आणि गावच्या स्थानकावर थांबा मिळावा म्हणून आजही निवेदनं द्यावी लागतात. रेल्वे आली म्हणून चाकरमानी परतला नाही. गणपतीला येणं-जाणं तेवढं सोपं झालं. रेल्वेने कोकण बदलेल असं मानणाऱ्यांची निराशा झाली असेल, तर ती रास्तच आहे.

१२ नोव्हेंबर २००५ला दंडवते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान जे. जे. रुग्णालयाला झालं. त्यांच्या वाटचालीतून आजच्या निवडून येणाऱ्यांनी घेण्यासारखं एक आहे. मागणी करणारे कोकणात कधीच कमी नव्हते. ‘पैसा नाही’ या सरकारी उत्तराला दंडवत्यांनी पैसा कुठून येईल याचा आराखडा समोर ठेवून उत्तर दिलं, आणि तेही सत्ता केवळ अकरा महिने हाती असताना. त्याआधीची अठरा वर्षं ते त्या प्रश्नासोबत राहिले नसते, तर हे अकरा महिनेही इतरांसारखेच निघून गेले असते.