शरीरातली साफसफाई आणि रोजाचा एक मेसेज

रमजानचा चाँद दिसला की मुबारकबादीबरोबर मोबाइलवर आणखी एक मेसेज फिरू लागतो. 'रोजा ठेवला की शरीर आपल्या आजारी पेशी खाऊन टाकते. या शोधाला नोबेल मिळाले आहे.' गेल्या रमजानमध्ये तो आमच्या खालांपर्यंत पोहोचला. त्यांचे टीबीचे औषध सुरू होऊन तिसरा महिना लागला होता. ताप गेला होता, भूक परतली होती. सहरीच्या आदल्या रात्री त्या म्हणाल्या, "आता महिनाभर गोळ्या बंद ठेवते. रोजेच औषधाचं काम करतील."

आम्ही सगळे गप्प झालो. रोजाच्या विरोधात बोलायचे नव्हते आणि गोळ्या बंदही होऊ द्यायच्या नव्हत्या. म्हणून या मेसेजमध्ये खरे किती, हे आम्ही मुळापासून समजून घ्यायचे ठरवले.

शोध खरा आहे. त्याचे नाव ऑटोफॅजी. शब्द ग्रीक आहे, अर्थ 'स्वतःला खाणे'. १९५० च्या दशकात बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियन द दुव्ह यांना पेशीच्या आत पाचक रसांनी भरलेल्या बारीक पिशव्या सापडल्या. त्यांना लायसोसोम म्हणतात. पेशी आपलाच जुना, मोडका भाग एका पापुद्र्यात गुंडाळते, त्याचे पुडके लायसोसोमकडे नेते आणि तिथे ते विरघळवते. त्यातून सुटलेला कच्चा माल पुन्हा वापरात येतो. घरातली जुनी चादर फाडून तिची पोतेरी करावीत, तसेच हे. या क्रियेला १९६३ साली नावही द दुव्ह यांनीच दिले.

जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी हे काम पुढे नेले. त्यांनी अभ्यास केला तो माणसांचा नव्हे, तर यीस्टचा, म्हणजे पाव फुगवण्यासाठी वापरतात त्या खमिराचा. ज्यांचे पाचक रस काम करत नाहीत असे यीस्ट त्यांनी उपाशी ठेवले. काही तासांतच पेशीच्या पिशवीत न पचलेली पुडकी साठलेली सूक्ष्मदर्शकातून दिसली. १९९३ पर्यंत त्यांनी या क्रियेला लागणारी पंधरा जनुके शोधून काढली. २०१६ चे नोबेल या कामासाठी मिळाले. रोजाचा किंवा उपवास करणाऱ्या माणसांचा त्यात अभ्यास नव्हता.

मग आजाराशी लढण्याशी या क्रियेचा संबंध कोणता? इथेच आमच्या खालांच्या टीबीची गोष्ट येते. टीबीचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात जातो. तिथे पहारा देणाऱ्या मोठ्या भक्षक पेशी, मॅक्रोफेज, त्याला गिळतात. गिळलेला जंतू लायसोसोममध्ये जाऊन मरायला हवा. पण हा जंतू मोठा चलाख. तो आपले पुडके लायसोसोमला जोडूच देत नाही आणि पहारेकऱ्याच्याच पोटात घर करून राहतो. २००४ साली अमेरिकेत वोयो देरेतिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत अशा पेशींमध्ये ऑटोफॅजी वाढवली. तेव्हा अडकलेली पुडकी लायसोसोमपर्यंत पोहोचली आणि जंतूंचे जगणे अवघड झाले. त्याच वर्षी जपानमधील शास्त्रज्ञांनी घशाचा संसर्ग करणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंबाबतही असेच दाखवून दिले.

म्हणजे घर साफ करणारी तीच यंत्रणा घरात घुसलेल्या चोरालाही पकडते. पेशीत शिरलेल्या जंतूवर युबिक्विटिन नावाचे प्रथिन चिकटवले जाते. ती खूण पाहून त्याच्याभोवती पापुद्रा विणला जातो. पचलेल्या जंतूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात, म्हणजे टी पेशींना शत्रूची ओळख पटते. याच यंत्रणेमुळे प्रतिकारशक्ती बेफामही होत नाही. ऑटोफॅजीशी निगडित एका जनुकातील फरकामुळे क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराचा धोका वाढतो, हे २००७ मध्ये पुढे आले.

मात्र प्रयोगशाळेतली बशी म्हणजे माणूस नव्हे. २०१५ मध्ये उंदरांवर झालेल्या अभ्यासात ऑटोफॅजीची अनेक जनुके बंद करूनही टीबीशी लढण्यात विशेष फरक पडला नाही. फक्त एका जनुकाचा अपवाद होता, आणि त्याचे कामही ऑटोफॅजीपेक्षा वेगळे असल्याचे दिसले. उपाशी उंदरांच्या यकृतात ऑटोफॅजी वाढते हे खरे. पण जिवंत माणसाच्या शरीरात ती मोजणे फार अवघड आहे. म्हणून 'इतक्या तासांनी शरीर साफ होते' असे ठाम आकडे सांगणाऱ्या मेसेजवर विसंबू नये. आणि कोणत्याही उपवासाने टीबी बरा होतो, असे कोणीही सिद्ध केलेले नाही.

उलट आपल्याच देशातला एक अभ्यास दुसरेच सांगतो. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात टीबी रुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांवर पाहणी झाली. काही घरांत फक्त रुग्णाला रेशन दिले, तर काही घरांत सर्वांनाच तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वे दिली. सर्वांना पोटभर मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहिले. टीबीपुढे उपाशी, अशक्त शरीर हरते, भरलेले ताट मदतीला येते. जगातले सुमारे एक चतुर्थांश टीबी रुग्ण भारतात आहेत. तेव्हा ही गोष्ट आपल्या मोहल्ल्याची आहे.

गोळ्या मध्येच सोडल्या तर काय होते, हे डॉक्टरांनी खालांना समजावून सांगितले. बरे वाटू लागले तरी काही जंतू जिवंत असतात. अर्धवट औषधाने ते पुन्हा वाढतात, आणि औषधांना न जुमानणारा टीबी होऊ शकतो. त्याचा उपचार अधिक कठीण, आणि घरातल्या लहान मुलांनाही त्याचा धोका.

खाला ऐकत होत्या, पण रोजे सुटणार म्हणून त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा आमच्या अब्बांनी एवढेच म्हटले, "आपा, आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिली आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?" खालांनी सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला. तपासणीत जंतू नाहीत असे आल्यावर, डॉक्टरांना विचारून, थंडीच्या दिवसांत त्यांनी कजा रोजे ठेवायला घेतले.

रोजा ही इबादत आहे. तिला मोठे करण्यासाठी नोबेलच्या प्रमाणपत्राची गरज नाही. आपल्या घरात टीबी, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेले कोणी असेल, तर रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. औषधाची वेळ बदलता येईल का, रोजा झेपेल का, हे त्यांना विचारा. तो मेसेज यंदाही येईल. पुढे पाठवण्याआधी, तो वाचून कोणाची गोळी चुकेल का, एवढा विचार जरूर करा.